एक दिवस पुढे

आमच्या किचनमध्ये फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय लटकतं. नवीन आलं की आई चष्मा लावून पहिलं गणपती कधी ते बघते, मग दिवाळी, मग संकष्ट्या, आणि पुढे वर्षभर त्या चौकोनांत दुधाचे खाडे, सिलेंडर लावला ती तारीख, माझ्या बीपीच्या गोळ्या संपायची तारीख असं सगळं बारीक अक्षरात चढत जातं. २०२३ चं आलं तेव्हा ती सप्टेंबरच्या पानावर थांबली. "अरे, अठ्ठावीसला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच चौकोनात आलीय." मी मोबाइलमधून डोकं न काढता म्हटलं, मग? तर म्हणे, "मग काय, पोलिसांचं मरण."

तेव्हा हसलो. पण नंतर कॅलेंडर बघताना पोटात जरासं गोळा आल्यासारखं झालं, कारण मी आग्रीपाड्यात वाढलोय, बीआयटी चाळीत, आणि त्या भागात मिरवणूक म्हणजे काय असतं ते मला माहितीय. गणपती लालबागहून निघतो, भायखळा स्टेशन, क्लेअर रोड, नागपाडा, दो टाकी करत गिरगावला जातो आणि पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीची सकाळ होते. ईदचा मोठा जुलूस निघतो तो भायखळ्याच्याच खिलाफत हाऊसवरून. म्हणजे रस्ते तेच, ट्रक तेवढेच, डीजे तेवढेच, पोरं तेवढीच तापलेली आणि उपाशी. आता हे सगळं एकाच दिवशी, एकाच वेळी.

झालं असं की जुलूस एक दिवस पुढे गेला. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी बसून ठरवलं की अठ्ठावीसला गणपती जाऊ देत, आपण एकोणतीसला काढू, आणि सरकारने एकोणतीसला सुट्टी दिली. एवढंच. पेपरात एक दिवस बातमी आली, फोटो आला, विषय संपला. पुढच्या वर्षी परत तेच, २०२४ ला सतरा सप्टेंबरला विसर्जन आणि सोळाला ईद, तर मुंबईत जुलूस अठराला आणि सुट्टीही सोळाची अठराला नेली. २०२५ ला सहा सप्टेंबरला विसर्जन, पाचला ईद, मुंबईची सुट्टी गेली आठला. तीन वर्षं लागोपाठ. आणि तिन्ही वर्षं मला एकाही माणसाने आपणहून याबद्दल काही बोललेलं आठवत नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही. काही घडलं असतं तर हजार फॉरवर्ड आले असते. काही घडलं नाही त्याचा फॉरवर्ड कोण करणार.

हे असं लागोपाठ का होतं याचं मला कुतूहल होतं, म्हणून एका रविवारी बसून जुनी कॅलेंडरं काढली (आई ती फेकत नाही, कपाटात अंथरते). तर मजा अशी की दोन्ही सण चंद्रावर चालतात. अनंत चतुर्दशी ही भाद्रपद शुद्ध चौदावी तिथी. ईद-ए-मिलाद म्हणजे रबिउल अव्वल या मुसलमानी महिन्याची बारा तारीख. आपला शुद्ध पक्ष अमावास्या संपली की लगेच सुरू होतो, त्यांचा महिना कोर डोळ्याला दिसल्यावर, म्हणजे एक-दोन दिवस उशिरा. त्यामुळे तो महिना आणि हा महिना एकदा जुळला की बारा आणि चौदा जवळपास एकाच दिवशी येणार म्हणजे येणारच, त्यात कोणाची खोडी नाही. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी, म्हणून दोन्ही सण दरवर्षी अकरा दिवस मागे सरकतात, हातात हात घालून. फरक एवढाच की आपण साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून हिशेब परत जाग्यावर आणतो आणि ते आणत नाहीत. २०२३ ला अधिक श्रावण आला, गणपती पुढे ढकलला गेला आणि बरोबर रबिउल अव्वलच्या अंगावर जाऊन बसला. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, म्हणून गणपती १४ सप्टेंबरला आणि ईद-ए-मिलाद त्याच्या आधी, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, नारळी पौर्णिमेच्या तोंडावर. सुटलो. परत तीसेक वर्षांनी भेटतील.

मग मी नाद लागल्यासारखा बघतच सुटलो. २०२१, २०२२, २०२३ तिन्ही वर्षं रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी. २०२२ ला आणि २०२३ ला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी, आणि २०२३ ला तर महाराष्ट्रात कितीतरी गावांत मुसलमानांनी ठरवलं की एकादशीला कुर्बानी नको, दुसऱ्या दिवशी करू. ईदला तीन दिवस कुर्बानी चालते त्यामुळे धर्माला अडचण नव्हती, पण सण तो सणच ना, आपल्याला कोणी दिवाळीचा फराळ भाऊबीजेनंतर खा म्हटलं तर कसं वाटेल.

तर अठ्ठावीस सप्टेंबर २०२३ च्या रात्री मी मुद्दाम जुन्या भागात गेलो होतो. आता राहतो सेंट्रल लाइनवर लांब, पण विसर्जनाला पाय तिकडेच वळतात. नागपाड्याच्या अलीकडे एका गल्लीत ईदची रोषणाई लागली होती, हिरव्या-पांढऱ्या लाइटच्या माळा रस्त्यावरून या बिल्डिंगीपासून त्या बिल्डिंगीपर्यंत आडव्या ताणलेल्या, आणि खालून एका छोट्या मंडळाचा गणपती येत होता. छोटं मंडळ पण मूर्ती उंच, आता सगळ्यांच्याच उंच असतात. मुकुट माळेला अडकणार हे दिसत होतं. तर दोन पोरं टोप्या घातलेली, एक स्टुलावर उभा, हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला कपडा गुंडाळलेला, तो माळ वर उचलून धरतोय, आणि दुसऱ्या टोकाला मंडळाचा पोरगा भगवा रुमाल बांधलेला ट्रकवर चढून दुसऱ्या बांबूने तेच करतोय, आणि दोघं एकमेकांवर ओरडतायत. "अबे ऊपर ले, ऊपर ले!" "अरे तू घे ना वर, इकडून लूज झालीय!" "रुक रुक रुक, कान अटका, कान!" गणपतीचा कान. मग एकदाचा सुटला, ढोल परत सुरू झाला, आणि पुढे तीस फुटांवर दुसरी माळ. स्टूल उचलला, पुढे पळाले. अशा सहा-सात माळा असतील. सहा-सात वेळा तीच शिवीगाळ.

कुणी भाऊ-भाऊ म्हणालं नाही, मिठ्या मारल्या नाहीत, फोटो काढायला पण कोणी थांबलं नाही, कारण मागून दुसऱ्या मंडळाचा ट्रक हॉर्न मारत होता. मला ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे. सलोखा सलोखा म्हणतात ना, तो मला विचाराल तर त्या बांबूच्या टोकाला गुंडाळलेल्या कपड्यात होता. कोणीतरी आधी विचार केला होता की नुसता बांबू लावला तर बल्ब फुटेल.

कारण उलटी बाजूही आहेच. मिरवणुकीतूनच आग लागते. भिवंडीला १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली, १९८४ ला परत पेटली. मुंबईत १८९३ च्या ऑगस्टमध्ये मोठी दंगल झाली, त्याच्या आधी मोहरमच्या ताबुतात हिंदू सर्रास नाचायचे, आणि त्याच वर्षी गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती सुरू झाला. या दोन गोष्टींचा संबंध लावून लोक अजून भांडतात, मी त्यात पडत नाही. पण भिवंडीची पुढची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९८८ ला तिथे सुरेश खोपडे डीसीपी म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या केल्या, म्हणजे मोठे पुढारी नाहीत, यंत्रमागवाला, पानवाला, रिक्षावाला, दुकानदार, दोन्हीकडचे, आणि पोलीस त्यांच्यात जाऊन बसणार. नळावरच्या भांडणापासून सगळं तिथे. लोकांनी थट्टा केली असणार. पण डिसेंबर ९२ ला आणि जानेवारी ९३ ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. ज्या भिवंडीच्या नावाने आमच्या लहानपणी लोक दचकायचे, ती भिवंडी.

जानेवारी ९३ मला आठवतो. मी तेव्हा आठवीत होतो. आमच्या माळ्यावर जिन्याजवळ एक लाकडी पाटी होती, काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरात सोळा खोल्यांची नावं. त्यात आम्ही होतो, दोन कोकणी मुसलमान घरं होती, एक गोव्याचे ख्रिश्चन होते, आणि शेवटच्या खोलीत एक बेने इस्रायली आजी. (बेने इस्रायल म्हणजे आपले शनवार तेली, अलिबागकडचे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. मराठी आपल्यापेक्षा चांगली बोलायची आजी. आणि मस्जिद बंदर स्टेशनची मस्जिद मुसलमानांची नाही, ती १७९६ ची ज्यूंची मशीद, असं सांगतात. ही माहिती मी दर गटारीला मित्रांना सांगतो आणि दर गटारीला ते विसरतात.) नवस फेडला की ही आजी एलियाहू हन्नाबी या ज्यूंच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायची, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळांचे तुकडे, आणि सोळाही खोल्यांत एकेक बशी जायची. आम्हाला पोरांना वाटायचं हन्नाबी हा आपल्यातलाच कुठलातरी देव आहे. आईला अजून वाटतं बहुतेक.

तर त्या जानेवारीत एका संध्याकाळी बाबा पोर्ट ट्रस्टमधून लवकर आले आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गॅलरीत गेले. पाटीचे चार स्क्रू काढले. गंजलेले होते, एक निघेना, तर तो खोबरेल तेल लावून काढला. पाटी उलटी करून आमच्या कॉटखाली सरकवली. बाबा बोलायचे कमी, मी विचारलं तर म्हणाले, "कोणी वाचायला नको." तेव्हा मुंबईत किती बिल्डिंगींखालच्या पाट्या निघाल्या, कितींवर कागद चिकटवले गेले, ते त्या काळातल्या माणसाला विचारा. रात्री पुरुष माणसं जिन्यात बसायची, दोन्हीकडची, हातात हॉकी स्टिक आणि चहाचा थर्मास. बाहेर अफवांचा पूर आलेला, दुधात विष कालवलंय, समुद्रातून हत्यारं भरलेल्या बोटी येतायत, आणि शिवाजी पार्कसारख्या ठिकाणी शिकलेली माणसं रात्र-रात्र समुद्रावर नजर ठेवून उभी. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं हे आज लोकांना खरं वाटत नाही.

आमच्या माळ्याला काही झालं नाही. शहरात दोन्ही महिने मिळून नऊशे माणसं मेली, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे तो आकडा. आमच्या माळ्याला काही झालं नाही हे मी लहानपणी मोठ्या अभिमानाने सांगायचो. पण मार्चमध्ये बाबांनी पाटी परत लावली तेव्हा त्यातलं एक नाव खोटं झालं होतं. त्या दोन कोकणी मुसलमान घरांतली एक, आमची खाला, आणि तिची मुलं मुंब्र्याला गेली. कोणी घालवलं नाही त्यांना, उलट बाबा आणि बाकीचे समजवायला गेले होते, पण खालाचा भाऊ मुंब्र्याला होता आणि तो म्हणाला इथे आपली माणसं आहेत, रात्री झोप लागते. त्या वर्षांत अशी हजारो घरं मुंब्र्याला गेली आणि तशीच हिंदू घरंही कुठून कुठून उठून आपापल्या माणसांत गेली. पाटीवर त्यांचं नाव दोन-तीन वर्षं तसंच राहिलं. मग पेंटर आला आणि त्यावर दुसरं लिहिलं.

माझं खरं दुखणं हे आहे. दंगल संपते. पण दंगलीनंतर माणसं जी हलतात ती परत येत नाहीत, आणि एकाच जिन्यावर नसलेल्या माणसांशी तुम्ही भांडणार कसं आणि मिटवणार कसं? मलिद्याची बशी आग्रीपाड्यातून मुंब्र्याला कशी पोचणार?

९३ नंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्या झाल्या, सतीश साहनी पोलीस कमिशनर होते, माजी कमिशनर ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशी माणसं त्यात उतरली, वस्त्यांत जाऊन बसली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघांनी पोस्टर काढलं होतं, चार धर्मांचे कपडे घातलेली चार लहान पोरं. एरवी अशा पोस्टरचा मला कंटाळा आहे, शाळेतल्या भिंतीवर टोपी-पगडी-क्रॉस काढलेलं चित्र बघून कोणाचं मन बदललंय असं मला वाटत नाही. पण हे दोघं ते पोस्टर हातात घेऊन दारोदार फिरले, आणि दार उघडल्यावर बोलणं सुरू होतं हा त्यातला भाग असणार.

माझी मामेबहीण सिंगापूरला असते, पंधरा वर्षं झाली. २०१९ ला गेलो होतो. तिकडे त्यांच्या सरकारी बिल्डिंगींत, दहातली जवळजवळ आठ माणसं अशाच बिल्डिंगींत राहतात, तळमजला मोकळा सोडलेला असतो, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. शनिवारी ताईच्या बिल्डिंगीखाली मलय लग्न होतं, पडदे, बिर्याणीचा वास, कराओके, आणि मंगळवारी त्याच जागेवर चिनी माणसाचं मयत, पांढरा मांडव, रात्रभर माणसं बसलेली. मधे एक दिवस साफसफाई. मला ते फार आवडलं. ताईला म्हटलं, यांना सांगावं लागत नाही का की आवाज कमी करा वगैरे? तर म्हणाली, सांगतात ना, नोटीस असते, बुकिंग असतं, वेळ ठरलेली असते. वॉटर्लू स्ट्रीटला कृष्णाचं देऊळ आहे आणि बाजूला चिनी देवीचं, तर चिनी माणसं तिकडची पूजा झाली की येता येता कृष्णालाही उदबत्ती लावून जातात. आपल्या माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी जशी रांग लागते तसंच, मेणाचं घर वाहायला, मेणाचा पाय वाहायला, रांगेत मंगळसूत्रं किती असतात मोजा.

पण ताईने सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. त्यांच्याकडे शाळांत २१ जुलैला वंशसलोख्याचा दिवस पाळतात, पोरं एकमेकांच्या जातीजमातीचे कपडे घालून येतात. तारीख २१ जुलैच का? तर १९६४ ला त्या दिवशी तिथे चिनी आणि मलय लोकांत दंगल झाली, आणि ती सुरू झाली प्रेषितांच्या जन्मदिनाच्या मिरवणुकीत. म्हणजे ईद-ए-मिलादचाच जुलूस. मी तिथे डायनिंग टेबलवर बसून गप्पच झालो.

मग १९८९ पासून त्यांनी घरांना कोटाच लावला. प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी इतके टक्के, मलय इतके, इंडियन आणि बाकीचे इतके, त्याच्यावर गेलं की दुसऱ्या गटाच्या माणसाने त्या गटाच्या माणसाला तिथे घर विकायचं नाही. ताई यावर वैतागते, कारण चिनी कोटा भरला की इंडियन माणसाला आपलं घर चिनी माणसाला विकता येत नाही, गिऱ्हाईक कमी, भाव कमी. आणि वर सगळ्यांच्या कपाळावर सरकारने वंशाचा शिक्का मारल्यासारखं. मलाही ते पटत नाही पूर्ण. आपल्याकडे असलं काही केलं तर कोर्टातच बसावं लागेल सगळ्यांना. पण तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मग मनात आलं, आमच्याकडे कोटा नाही असं कोण म्हणतं? आमच्याकडे पण आहे, फक्त तो सरकार नाही, सोसायटीची कमिटी लावते, आणि कागदावर येत नाही.

आता हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस घालवले. लिहितो.

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सोसायटीचं नाव नको. पाच-सहा वर्षांपूर्वी तिसऱ्या माळ्यावरच्या एका मेंबरने फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरवलं, पार्टी मिळाली, नवरा-बायको, तो बँकेत, ती शाळेत शिकवते, एक लहान मुलगी. नावं बघून कमिटीत कुजबुज झाली. मीटिंग घेतली. त्या मीटिंगमध्ये एकही माणूस वाईट बोलला नाही, हे मला सांगायचंय. "आपल्याला काय प्रॉब्लेम नाही हो, पण बाकीच्यांचं काय." "उद्या नॉनव्हेजचा वास." (आमच्या सोसायटीत अर्ध्या घरांत रविवारी सुरमई असते.) "चांगली माणसं असतील, पण एकदा पायंडा पडला की." सगळे बाकीच्यांबद्दल बोलत होते आणि बाकीचे सगळे तिथेच बसले होते. मला माहीत होतं की मॉडेल बायलॉजप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, मेंबरने फक्त कळवायचं असतं. तो मुद्दा मी काढू शकत होतो, कागद माझ्याच फाइलमध्ये होता. नाही काढला. मिनिट्स मी लिहिली, माझ्या अक्षरात, "काही तांत्रिक अडचणींमुळे सदर प्रस्ताव तूर्त स्थगित."

दुसऱ्या दिवशी तो माणूस स्वतः आला होता, ब्रोकरबरोबर, काहीतरी डॉक्युमेंट कमी पडलंय असं त्याला वाटलं होतं. मला खाली यायला दहा मिनिटं लागली. आलो तेव्हा तो लॉबीत आमचा नावांचा बोर्ड वाचत उभा होता. ॲक्रिलिकचा आहे, सोनेरी अक्षरं. वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचत होता, घाई नाही काही. मी आलो तसं हसून म्हणाला, "समझ गया सर. कोई बात नहीं." आणि गेला. मी तांत्रिक अडचण हे शब्द तयार ठेवले होते, ते बोलायची वेळच आली नाही. बाबांची पाटी आठवली मला तेव्हा. तिथे नावं वाचता येऊ नयेत म्हणून पाटी काढली होती, इथे बोर्ड सरळ लावलेला होता आणि त्याने तो बरोबर वाचला.

कायदा म्हणाल तर घटनेचं कलम पंधरा सरकारला बांधतं, सोसायटीवाल्याला सरळ बांधत नाही, आणि २००५ ला सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी हाउसिंग सोसायटीच्या केसमध्ये सांगितलं की फक्त पारश्यांनाच मेंबर करायचा नियम सोसायटी ठेवू शकते. आमच्या सोसायटीचा असा काही नियम नाही. आमच्याकडे नुसती कुजबुज आहे.

आणि हे नुसतं मुसलमानांपुरतं नाही. आमचा वॉचमन आसामचा, चार वर्षं झाली, त्याला सगळे बहादूर म्हणतात. तो नेपाळी नाही, त्याचं नाव बहादूर नाही. मीही दीड वर्ष बहादूरच म्हणत होतो. एकदा व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरताना नाव विचारलं तर तो आधी दोन सेकंद थांबला, नक्की कुठलं सांगू अशा चेहऱ्याने.

माहीमच्या उरुसाला डिसेंबरमध्ये एकदा तरी जातो मी. मखदूम अली माहिमींचा दर्गा, सहाशे वर्षांपूर्वीचे मोठे विद्वान, आणि उरुसाचा पहिला मान मुंबई पोलिसांचा. वाजतगाजत बँड लावून इन्स्पेक्टर लोक डोक्यावर संदलचं ताट घेऊन जातात, खाकीतला पाटील-जाधव माणूस घामाघूम, डोक्यावर रुमाल बांधलेला. पोलीस स्टेशनच्या जागेवरच मखदूम बाबांचं राहणं होतं अशी श्रद्धा. ही पण मिरवणूकच. आईला दरवेळी तिथला हलवा लागतो, म्हणून जातो असं मी सांगतो.

गेल्या वर्षी परत तसाच अर्ज आला. दुसरा मेंबर, दुसरं कुटुंब, चौथा माळा. या वेळी मी मीटिंग बोलावलीच नाही. बायलॉजची झेरॉक्स काढली, मेंबरचं कळवल्याचं पत्र आणि पोलीस व्हेरिफिकेशनची कॉपी त्याला जोडली, फाइलला लावलं, ग्रुपवर एक ओळ टाकली की अमुक फ्लॅटमध्ये अमुक तारखेपासून नवीन भाडेकरू येतायत, लिफ्ट सकाळी दहा ते बारा सामानासाठी बिझी राहील. बास. चेअरमनचा फोन आला, "अरे, विचारायचं तरी." मी म्हटलं, साहेब, विचारायचं नसतं, कळवायचं असतं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग पाण्याच्या टँकरचं बोलायला लागले. एवढं सोपं होतं. इतकी वर्षं मी हे एवढंसं काम अवघड समजून बसलो होतो आणि त्या पहिल्या माणसाला कुठे घर मिळालं, मुंब्र्याला की अजून कुठे, मला कधीच कळणार नाही.

तीन महिने काही झालं नाही. मग चौथ्या माळ्यावरून तक्रार आली, लेखी, दोन पानी. मी धडधडत्या छातीने उघडली. तर समोरच्या काकूंची तक्रार होती की नवीन भाडेकरूंनी पॅसेजमध्ये शू रॅक ठेवलाय, तो त्यांच्या तुळशीच्या कुंडीला लागतो आणि झाडायला त्रास होतो. त्याच्यावर त्या भाडेकरू बाईंचं उत्तर आलं, तेही लेखी, की कुंडीचंच पाणी वाहून आमच्या चपला भिजतात, फोटो सोबत जोडला आहे. मी दोन्ही पत्रं फाइलला लावली, आवक नंबर घातला, आणि काय सांगू, मला एवढा आनंद झाला की बायकोने विचारलं काय झालं म्हणून.

साइट व्हिजिट झाली. रॅक सहा इंच डावीकडे आणि कुंडीखाली ताटली असं ठरलं. ताटली लगेच आली. रॅक काही अजून हललेला नाही.